कुणी धक्का न देता

एक किलो शुद्ध युरेनियम-२३८ कुठेतरी नुसतं पडून आहे असं धरा. अणुभट्टीत नाही, कुठल्या यंत्रात नाही, त्यावर कसलाही मारा चाललेला नाही. तरीही त्यात दर सेकंदाला सुमारे ७ अणुकेंद्रं आपणहून दुभंगतात. प्रत्येक वेळी दोन मोठे तुकडे प्रचंड वेगानं एकमेकांपासून दूर फेकले जातात, सोबत सरासरी दोन न्यूट्रॉन सुटतात आणि सुमारे २०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मोकळी होते. त्याच सेकंदात त्याच धातूत जवळपास सव्वा कोटी अणुकेंद्रं अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा लहानसा तुकडा) टाकून थोरियम होत असतात. सव्वा कोटींपुढे ७.

समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या प्रकारांच्या, तक्त्यात हे प्रमाण अगदी कोरडेपणानं नोंदलेलं असतं. युरेनियम-२३८ (आकडा म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकूण कण) समोर अल्फा ऱ्हास, १०० टक्के. त्याखाली उत्स्फूर्त विखंडन, म्हणजे हे आपणहून दुभंगणं, आणि तिथे दशांश चिन्हापुढे आधी ४ शून्यं, मग आकडा. किरणोत्साराबद्दल वाचायला लागले तेव्हापासून माझी नजर त्या खालच्या ओळीवर अडकते. वरची ओळ सगळं सांगून टाकते असं वाटतं: साडेचार अब्ज वर्षांचं अर्धायुष्य (निम्मे अणू बदलायला लागणारा काळ), शिशापर्यंत जाणारी लांबलचक मालिका. खालची ओळ वाचून पुढे जावं अशीच आहे. मला मात्र ती सोडवत नाही, कारण अणुकेंद्राबद्दलचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काही प्रश्न त्या चार शून्यांच्या पलीकडे सुटले आहेत.

तसं पाहिलं तर अल्फा ऱ्हासालाही तात्कालिक कारण नसतं. हे केंद्रक आजच का बदललं आणि शेजारचं अब्जावधी वर्षं तसंच का राहिलं, याला उत्तर नाही. उत्तर कुठेतरी दडलेलं आहे आणि आपल्याला सापडत नाही, असंही नाही. पुंज यांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शक्यता देते, त्यापलीकडे काही देत नाही. पण अल्फा ऱ्हासात केंद्रकाचा लहानसा तुकडा निसटतो आणि उरलेलं केंद्रक बरंचसं होतं तसंच राहतं. विखंडनात अख्खं केंद्रक ताणलं जातं, लांबुळकं होतं, त्याला कंबर येते आणि ती तुटते. २३८ कणांचा समुदाय एकत्र हलतो. एवढी उलथापालथ बाहेरून कुणीही बोट न लावता व्हावी, याचं आश्चर्य माझ्यापुरतं कधी कमी झालेलं नाही.

विखंडन माणसाला पहिल्यांदा दिसलं ते घडवून आणलेलं. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम असल्याची खात्री केली. लीझ माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला. १ सप्टेंबर १९३९ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी या घटनेची पूर्ण मांडणी केली. युरोपात महायुद्ध सुरू झालं तोच हा दिवस. त्या मांडणीत केंद्रक म्हणजे विद्युतभारित द्रवाचा थेंब आहे. पृष्ठताण त्याला गोल ठेवू पाहतो आणि प्रोटॉनांचं परस्परांना दूर लोटणं त्याला फाडू पाहतं. जड केंद्रकांत ही झुंज जवळजवळ बरोबरीची होते. थेंब दुभंगला तर ऊर्जा मोकळी होणारच असते, पण दुभंगण्याआधी त्याला ताणाव्या लागणाऱ्या आकारांतून जावं लागतं आणि त्या वाटेवर ऊर्जेचा एक अडसर आडवा येतो. युरेनियमसाठी तो सुमारे ६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. बाहेरून आलेला न्यूट्रॉन केंद्रकाला तेवढी ऊर्जा देऊन अडसरावरून पलीकडे नेतो. ती कुणीच दिली नाही तर? पुंज यांत्रिकीत अडसराच्या आतून पलीकडे निघण्याची शक्यता शून्य नसते. म्हणजे केंद्रकानं आपणहून दुभंगणंही अशक्य नाही. बोर आणि व्हीलर यांनी तो हिशेबही केला होता, आणि त्याआधी विलर्ड लिबी यांनी प्रयोगात त्याचा शोधही घेऊन पाहिला होता. त्यांना काही दिसलं नव्हतं.

दिसलं ते १९४० मध्ये, सोव्हिएत संघात. लेनिनग्राडमध्ये इगोर कुर्चातोव यांच्या हाताखाली गिओर्गी फ्लेरोव आणि कोन्स्टांटिन पेत्रझाक हे दोन तरुण काम करत होते. त्यांनी युरेनियमचा पातळ थर दिलेल्या १५ पट्ट्यांचा आयनीकरण कक्ष बांधला, म्हणजे आतून वेगवान कण गेला की विद्युत स्पंदन देणारं उपकरण. प्रत्येक पट्टीवर थर पातळ, पण पट्ट्या पुष्कळ, त्यामुळे एकूण क्षेत्रफळ मोठं झालं. बाहेर न्यूट्रॉनचा स्रोत ठेवलेला नसतानाही त्यात मोठी स्पंदनं उमटत राहिली. तासाला ६.

आता या दोघांपुढची अडचण लक्षात घ्या. एखादी गोष्ट अमुक कारणानं झाली हे दाखवायला ते कारण पुढे ठेवता येतं. एखादी गोष्ट कारणाशिवाय झाली हे दाखवायचं कसं? एकच रस्ता उरतो. सुचेल ते प्रत्येक कारण उचलून बाजूला करायचं आणि तरीही ती गोष्ट होत राहते का ते पाहायचं. अल्फा कण एकाच वेळी पुष्कळ आले तर त्यांची बेरीज विखंडनासारखी दिसू शकते. ते तपासलं. उपकरणातला विद्युत गोंधळ तपासला. राहिले विश्वकिरण. आकाशातून सतत येणारे हे कण वातावरणात न्यूट्रॉन निर्माण करतात आणि असा एखादा भटका न्यूट्रॉन युरेनियम फोडू शकतो. मग ते कक्ष घेऊन मॉस्कोला गेले आणि भुयारी रेल्वेच्या ‘दिनामो’ स्थानकात, जमिनीखाली, मोजणी केली. डोक्यावर एवढी माती असताना विश्वकिरणांचा मारा पुष्कळच घटतो. स्पंदनं घटली नाहीत.

विज्ञानातल्या मला आवडणाऱ्या प्रयोगांत हा फार वरचा आहे. त्यात नवं यंत्र फारसं नाही, मोठा सिद्धांत नाही. एकेक शंका निवारत जाण्याचा चिवटपणा आहे आणि शेवटी हाती लागतं ते ‘कुणीही केलेलं नाही’ एवढंच. हा निष्कर्ष त्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ला अगदी थोडक्या ओळींत कळवला. ज्यांनी हे काम सुचवलं आणि पुढे रेटलं त्या कुर्चातोव यांचं नाव लेखकांत नाही.

या छोट्या टिपणाला अमेरिकेतून प्रतिसाद आला नाही. फ्लेरोव वाट पाहत राहिले. मग त्यांनी नियतकालिकं चाळली आणि त्यांच्या लक्षात आलं की विखंडनावर कुणीच काही छापत नाही. त्यांनी या शांततेचा अर्थ बरोबर लावला: काम थांबलेलं नाही, झाकलेलं आहे. १९४२ मध्ये त्यांनी थेट स्टालिनला पत्र लिहिलं.

झाकलेल्या कामात ही तळाची ओळ लवकरच वर आली, पण ते सांगण्याआधी एक गोष्ट मांडायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळत नाही. अडसरातून पलीकडे जाण्याची शक्यता अडसराच्या उंचीशी आणि रुंदीशी फारच नाजूकपणे बांधलेली असते. उंची एका मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टनं बदलली की अर्धायुष्य लाखो पटींनी बदलू शकतं. म्हणून उत्स्फूर्त विखंडनाची अर्धायुष्यं समस्थानिकागणिक इतकी दूरदूर पसरलेली आहेत की एका मोजपट्टीवर मावत नाहीत. युरेनियम-२३८ साठी विखंडनाचं अर्धायुष्य सुमारे ८ वर १५ शून्यं इतकी वर्षं, आणि युरेनियम-२३५ साठी १ वर १९ शून्यं. हलका भाऊ हजार पटींहून अधिक सावकाश.

हा फरक फक्त वजनाचा नाही. २३५ मध्ये न्यूट्रॉनांची संख्या विषम आहे. केंद्रकात न्यूट्रॉन जोड्या करून राहतात. विषम संख्या असली की एक न्यूट्रॉन बिनजोडीचा उरतो, आणि केंद्रक ताणलं जाताना त्याला आपली पुंज अवस्था सोडता येत नाही. त्या अवस्थेची ऊर्जा आकारानुसार चढत गेली तर अख्ख्या केंद्रकाचा अडसर उंचावतो. जोडीतले न्यूट्रॉन वाट बदलू शकतात, एकट्याला ती मुभा नाही. सगळ्यात लख्ख उदाहरण प्लुटोनियमचं. प्लुटोनियम-२४० चं विखंडनाचं अर्धायुष्य सुमारे ११४ अब्ज वर्षं आहे. प्लुटोनियम-२३८ चं त्याहूनही कमी, सुमारे ४७ अब्ज. मधल्या २३९ चं मात्र पुन्हा ८ वर १५ शून्यांच्या घरात, म्हणजे २४० च्या सुमारे ७० हजार पट. दोन्ही शेजारी घाईचे आणि मधला कमालीचा सावकाश, तेही एका बिनजोडीच्या न्यूट्रॉनापायी. २३९ कणांतला एक कण सगळ्यांना थोपवून धरतो. अणुकेंद्राला द्रवाचा थेंब म्हणणं किती खरं आणि कुठे अपुरं, ते या तीन आकड्यांत स्पष्ट दिसतं.

लॉस अलामॉसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या गुप्त अणुबॉम्ब प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत, एमिलिओ सेग्रे यांच्याकडे नेमकं हेच मोजण्याचं काम होतं. किरणोत्सारापासून दूर म्हणून त्यांचा गट पाहारितो दरीतल्या एका लाकडी झोपडीत काम करत असे. तिथे विश्वकिरणांनी पुन्हा डोकं वर काढलं. लॉस अलामॉस समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर आहे आणि तिथे युरेनियम-२३५ चे दुभंग बर्कलीतल्या मोजणीपेक्षा जास्त दिसत होते. जास्तीचे दुभंग उत्स्फूर्त नव्हते, ते आकाशातून आलेल्या न्यूट्रॉनांचे होते. ज्या शंकेसाठी फ्लेरोव आणि पेत्रझाक जमिनीखाली गेले होते, ती किती रास्त होती हे डोंगरावर कळलं.

१९४४ च्या एप्रिलमध्ये ओक रिजच्या अणुभट्टीत बनलेल्या प्लुटोनियमचे पहिले नमुने सेग्रे यांच्याकडे आले. तोवर मोजलेलं प्लुटोनियम सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, बनवलेलं होतं. अणुभट्टीतल्या नमुन्यात विखंडनं सुमारे पाचपट निघाली. भट्टीत न्यूट्रॉनांचा सुकाळ असतो, त्यामुळे तयार झालेल्या २३९ पैकी काही केंद्रकं आणखी एक न्यूट्रॉन गिळून २४० होतात. एकट्याला जोडी मिळते आणि अडसर खाली येतो. एक किलो प्लुटोनियम-२४० दर सेकंदाला सुमारे १० लाख न्यूट्रॉन सोडतं, २३९ फार तर वीस-पंचवीस. एवढ्या न्यूट्रॉनांमुळे प्लुटोनियमच्या बॉम्बसाठी आखलेला, एक तुकडा दुसऱ्यावर तोफेसारखा डागण्याचा आराखडा निरुपयोगी ठरला, कारण दोन तुकडे एकत्र येण्याआधीच साखळी सुरू झाली असती. जुलै १९४४ मध्ये तो सोडून देण्यात आला आणि सगळी प्रयोगशाळा प्लुटोनियम चहूबाजूंनी आत दाबण्याच्या पद्धतीकडे वळली. ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडला तो याच पद्धतीचा बॉम्ब. उत्स्फूर्त विखंडनाचा इतिहास लिहायचा तर हे टाळता येत नाही, आणि मला ते घाईनं ओलांडावंसंही वाटत नाही. निसर्गानं वाटेत एक खरीखुरी अडचण ठेवली होती. माणसांनी वर्षभरात तिच्यावर मात केली आणि एक शहर गेलं.

आज तेच न्यूट्रॉन उलट्या कामाला येतात. एका विखंडनातले न्यूट्रॉन एकाच क्षणी, झुबक्यानं सुटतात. इतर मार्गांनी येणारे सुटेसुटे असतात. त्यामुळे बंद डब्यात प्लुटोनियम किती आहे, ते डबा न उघडता एकाच वेळी येणाऱ्या न्यूट्रॉनांच्या मोजणीवरून ठरवता येतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक साठ्यांची पडताळणी करतात ती अशा मोजणीच्या आधारानं.

न्यूट्रॉनांसाठीच मुद्दाम बनवला जाणारा समस्थानिक म्हणजे कॅलिफोर्नियम-२५२. अर्धायुष्य २.६ वर्षं, विखंडनाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या किंचित वर, दर विखंडनाला सरासरी पावणेचार न्यूट्रॉन. एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागातून सेकंदाला २३ लाख न्यूट्रॉन मिळतात. नव्या अणुभट्टीची सुरुवात करून द्यायला, कोळसा आणि सिमेंटच्या कच्च्या मालाचं विश्लेषण करायला, काही कर्करोगांच्या उपचारांत, असा त्याचा उपयोग झाला आहे. त्याहून दोनच न्यूट्रॉन जास्त असलेलं कॅलिफोर्नियम-२५४ जवळजवळ पूर्णपणे विखंडनानंच संपतं, अर्धायुष्य ६० दिवस. १९५० च्या दशकात काही खगोलशास्त्रज्ञांना वाटलं होतं की एका प्रकारच्या अतिनवताऱ्यांचा (सुपरनोव्हांचा) प्रकाश ज्या लयीनं मंदावतो ती याच समस्थानिकाची लय आहे. पुढे तो मान निकेल-५६ आणि कोबाल्ट-५६ कडे गेला. पण २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर पाहिली गेली, आणि अशा टकरींनंतर उरणाऱ्या मंद प्रकाशाच्या चर्चेत कॅलिफोर्नियम-२५४ चं नाव पुन्हा आलं.

मला स्वतःला सर्वांत जवळचं वाटतं ते मात्र दगडांमधलं विखंडन. झिरकॉन किंवा अ‍ॅपेटाइटच्या स्फटिकात थोडं युरेनियम असतंच. त्यातलं एखादं केंद्रक दुभंगलं की दोन्ही तुकडे विरुद्ध दिशांना स्फटिक फाडत जातात आणि मागे बिघाडाची एक बारीक रेघ राहते. ताज्या रेघेची लांबी अ‍ॅपेटाइटमध्ये सुमारे १६ मायक्रोमीटर. ती तशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. पण स्फटिक घासून गुळगुळीत केला आणि आम्लात ठेवला, तर आम्ल बिघडलेल्या जागी अधिक वेगानं शिरतं आणि रेघ रुंद होऊन दिसू लागते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बुफर्ड प्राइस, रॉबर्ट वॉकर आणि रॉबर्ट फ्लायशर यांनी हे तंत्र उभं केलं. मग रेघा मोजायच्या. नंतर तोच नमुना भट्टीत न्यूट्रॉनांना सामोरा ठेवून युरेनियम-२३५ ची विखंडनं घडवून आणायची, त्यांच्या रेघांवरून स्फटिकात युरेनियम किती ते काढायचं, आणि दोन्ही मोजण्यांच्या गुणोत्तरातून वय मिळतं. आपणहून झालेले दुभंग आणि मुद्दाम केलेले दुभंग यांची ही तुलना. खनिजांतल्या जुन्या रेघा जवळपास सगळ्या युरेनियम-२३८ च्याच असतात, बाकीच्यांचा वाटा नगण्य.

गंमत अशी की स्फटिक तापला तर रेघा बुजतात. अ‍ॅपेटाइटमध्ये साधारण ६० अंश सेल्सिअसपासून त्या आखडायला लागतात आणि ११०-१२० अंशांच्या वर टिकत नाहीत. पहिल्यांदा हा या पद्धतीचा दोष वाटतो, पण तिचं सगळं मोल त्यातच आहे. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं. ११० अंश म्हणजे बऱ्याच ठिकाणी ४ किलोमीटरच्या आसपासची खोली. तेव्हा आज पृष्ठभागावर मिळालेल्या अ‍ॅपेटाइटचं वय हे तो खडक तयार झाल्याचं वय असेलच असं नाही. खडक त्या खोलीतून वर येत थंड झाला तेव्हापासूनचा तो काळ आहे. वरची जमीन झिजली आणि पर्वत उचलला गेला, त्याची ती नोंद. लांब रेघा आणि आखूड रेघा किती प्रमाणात आहेत यावरून तो झपाट्यानं थंड झाला की बराच काळ मधल्या उबेत रेंगाळला, तेही वाचता येतं.

या पद्धतीच्या मुळाशी एक भांडण होतं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. वय काढायला युरेनियम-२३८ च्या विखंडनाचा वेग अचूक माहीत हवा. सव्वा कोटींतले ७ मोजायचे! वेगवेगळ्या गटांनी काढलेली मूल्यं दोन ठिकाणी गोळा झाली आणि त्यांच्यात सुमारे २० टक्क्यांचं अंतर राहिलं. कुठलं मूल्य घेता त्यावर पर्वताचं वय ठरायचं. १९८० च्या दशकात अँथनी हर्फर्ड आणि पॉल ग्रीन यांनी मार्ग काढला. वय इतर पद्धतींनी पक्कं ठाऊक असलेल्या खडकांतल्या रेघा प्रत्येक अभ्यासकानं आधी मोजायच्या, त्यातून स्वतःचा गुणांक काढायचा आणि मग अनोळखी खडकाकडे वळायचं. म्हणजे वादातलं मूल्य समीकरणात वेगळं उरतच नाही. काहींना ही पळवाट वाटेल. मला ती प्रामाणिक वाटते, कारण रेघ कुठली आणि ओरखडा कुठला हे शेवटी मोजणाऱ्याची नजर ठरवते आणि या गुणांकात ती नजरही धरलेली असते.

दगडांतल्या रेघा निदान डोळ्यांनी दिसतात. उल्कापाषाणांतली खूण वायूची आहे. विखंडनाच्या तुकड्यांतून शेवटी झेनॉनचे जड समस्थानिक उरतात, आणि कुठलं केंद्रक दुभंगलं त्यानुसार १३१, १३२, १३४ आणि १३६ यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. १९६५ मध्ये मार्विन रो आणि पॉल कुरोडा यांना पासामोन्ते नावाच्या उल्कापाषाणात जास्तीचा झेनॉन मिळाला. त्यांनी तो प्लुटोनियम-२४४ चा मानला. या समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षं, आणि विखंडनाचा वाटा हजारात एकाहून थोडा अधिक. सूर्यमाला घडताना असलेला त्याचा साठा केव्हाच संपून गेला आहे. पण ही खूण त्याचीच, हे ठरवायचं कसं? १९७१ मध्ये जॉन रेनॉल्ड्स यांच्या गटानं अणुभट्टीत बनवलेलं प्लुटोनियम-२४४ घेतलं आणि त्यातून आपणहून जमा झालेला झेनॉन मोजला. प्रमाणं जुळली.

एका विखंडनावरून हे कधीच कळलं नसतं. एक केंद्रक कसंही दुभंगू शकतं, तुकड्यांच्या शेकडो जोड्या संभवतात. असंख्य केंद्रकं दुभंगली की त्या जोड्यांची वाटणी त्या समस्थानिकाची खास ओळख होते. वयाचंही तसंच आहे. एका केंद्रकाला वय नसतं, ते अब्ज वर्षांनीही पहिल्या दिवशी होतं तितकंच दुभंगायला तयार किंवा नाखूश असतं. स्फटिकातल्या सगळ्या केंद्रकांना मिळून मात्र काळ कळतो.

तक्त्यात वर सरकावं तसा अल्फा आणि विखंडन यांचा तोल पालटतो, आणि फर्मियमपाशी कडाच लागतो. फर्मियम-२५६ पावणेतीन तासांच्या आसपास टिकतं आणि बहुतांशी विखंडनानंच संपतं. फर्मियम-२५७, बिनजोडीच्या न्यूट्रॉनासह, १०० दिवस. आणखी एक न्यूट्रॉन घाला: फर्मियम-२५८ चं अर्धायुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, ३७० मायक्रोसेकंद. शंभर दिवसांवरून थेट इथे. कारण विलक्षण सुंदर आहे. फर्मियममध्ये १०० प्रोटॉन असतात. त्याचे दोन सारखे भाग केले तर प्रत्येकात ५०, म्हणजे कथिल. ५० प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉनांचं कथिल-१३२ हे अतिशय घट्ट बांधणीचं केंद्रक आहे, आणि २५८ चे दोन भाग त्याच्या अगदी जवळ जातात. युरेनियम किंवा कॅलिफोर्नियम दुभंगताना एक तुकडा जड आणि एक हलका पडतो. फर्मियम-२५८ मात्र जवळजवळ समान दुभंगतं, कारण त्या वाटेवर अडसर फारसा उरतच नाही. याच कड्यामुळे अणुभट्टीत न्यूट्रॉन गिळवत गिळवत फर्मियमच्या पुढचं मूलद्रव्य बनवता येत नाही. पुढे जायचं तर केंद्रकांची केंद्रकांशी टक्कर घडवावी लागते आणि अणू एकेक करून मोजावे लागतात.

पहिल्यांदा तसं झालं १९५५ मध्ये, बर्कलीत. मेंडेलेव्हियमचे अणू एकूण १७ मिळाले. ओळखण्याचं साधन होतं उत्स्फूर्त विखंडन: मेंडेलेव्हियम-२५६ चं रूपांतर फर्मियम-२५६ मध्ये होतं आणि ते दुभंगतं. अल्बर्ट गिओर्सो यांनी मोजणीचं यंत्र इमारतीतल्या आगीच्या घंटेला जोडलं होतं. एक दुभंग, एक टोल.

पण विखंडनावर विसंबून नवं मूलद्रव्य जाहीर करण्यात धोका असतो, आणि त्यातून पुढे फार कडू वाद झाले. अल्फा कण सुटला तर त्याच्या ऊर्जेवरून आईकेंद्रकाचा माग लागतो, पुढचं अपत्य ओळखीचं असेल तर खात्रीही पटते. विखंडन ही वंशावळ पुसून टाकतं. हाती येतात दोन तुकडे आणि एक उंच स्पंदन, आणि ते जवळपास कुठल्याही अतिजड केंद्रकाचं असू शकतं. १९६४ मध्ये मॉस्कोजवळच्या दुबना इथे फ्लेरोव यांच्या गटानं १०४ व्या मूलद्रव्याचा दावा केला तो विखंडनाच्या नोंदींवर. बर्कलीनं तो मान्य केला नाही. नावांचा वाद १९९७ पर्यंत चालला. या वादाला शीतयुद्धाचं अस्तर होतं हे खरं, पण त्याचा गाभा भौतिकीतला होता असं मला वाटतं: पुरावा म्हणून मांडलेल्या घटनेतच ओळख नष्ट होत होती.

द्रवथेंबाच्या हिशेबानं १०४ च्या आसपास अडसर संपायला हवा आणि मूलद्रव्यांची यादीही. ती संपली नाही. जोड्या आणि कवचं (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांत भरत जातात त्या ऊर्जेच्या पातळ्यांचे गट) यांची बांधणी अडसर पुन्हा उभा करते, आणि ११८ पर्यंतची मूलद्रव्यं केवळ तिच्या बळावर अस्तित्वात येतात. ११४ व्या मूलद्रव्याला दुबनाच्या फ्लेरोव प्रयोगशाळेवरून फ्लेरोवियम नाव मिळालं, ११८ व्याला त्यांचे शिष्य युरी ओगानेस्यान यांच्यावरून ओगानेसॉन. ओगानेसॉन-२९४ एक मिलिसेकंदही धड टिकत नाही. ते अल्फा कण टाकून ११६ होतं, ते ११४, ते ११२, आणि कोपर्निसियम-२८२ पाशी मालिका विखंडनानं तुटते. अतिजड केंद्रकांच्या अशा मालिकांचा शेवट बहुधा असाच होतो.

सिद्धांत सांगतो की ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉनांच्या आसपास विखंडनाचा अडसर पुन्हा उंच व्हावा. किती उंच, यावर गणितं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अडसरातला थोडा फरकही अर्धायुष्यात प्रचंड होतो हे वर आलंच आहे. आजवर बनलेल्या केंद्रकांत सर्वाधिक न्यूट्रॉन आहेत १७७. तिथवर नेणाऱ्या कॅल्शियम-४८ च्या माऱ्याची मजल ११८ पाशी संपली, कारण पुढच्यासाठी लागणारं जड लक्ष्य पुरेशा प्रमाणात बनवताच येत नाही. म्हणून आता टायटॅनियम-५० वापरून पाहत आहेत. २०२४ मध्ये बर्कलीत प्लुटोनियम-२४४ वर, म्हणजे उल्कापाषाणात झेनॉनची खूण ठेवून गेलेल्या त्याच समस्थानिकावर, टायटॅनियमचा मारा करून २२ दिवसांत ११६ व्या मूलद्रव्याचे, लिव्हरमोरियमचे, दोन अणू मिळाले. पुढचा बेत कॅलिफोर्नियम-२४९ वर टायटॅनियम सोडून १२० वं मूलद्रव्य बनवण्याचा आहे. तिथे एखादा अणू बनलाच, तर तो आधी अल्फा कण टाकतो की आधी दुभंगतो यावर सगळं अवलंबून राहील. अल्फा टाकला तर ओळखीच्या अपत्यांची मालिका लागेल आणि १२० चा दावा करता येईल. आधी दुभंगला, तर नोंदवहीत एक उंच स्पंदन उमटेल आणि ते कुणाचं होतं हे त्यावरून ठरवता येणार नाही.